रुईने टिपलेला डाग

४ डिसेंबर

आमच्या यांचे दोस्त नथ्थूभाऊ दरवर्षी बियाण्याच्या दुकानात मिळालेली डायरी आम्हाला आणून देतात आणि दरवर्षी ती कोरीच राहते. आज उघडली, कारण आज तोंडाने आणखी काही बोलले असते तर अर्ध्या मोहल्ल्याशी कायमचं वाकडं आलं असतं. घरात आम्ही हिंदी बोलतो, पण माझी शाळा मराठी. भांडताना आणि लिहिताना मला मराठीच लागते.

तर झालं असं. रविवारी आमच्या आफ्रीनचा निकाह झाला. त्यासाठी जमातीचा मोठा गालिचा आणला होता. इथे वरोऱ्यात आमच्यातल्या प्रत्येक घरच्या निकाहात काझीसाहेब आणि नवरदेव त्याच गालिच्यावर बसतात. मोतिया रंगाचा, कडेला हिरवी वेल. वर्गणीतून घेतलेला, म्हणून सगळ्यांचा. पोरगी नागपूरला सासरी गेली, मांडव उतरला, गालिचा त्या रात्री आमच्या दुकानात राहिला आणि सोमवारी यांनी तो गुंडाळून मशिदीच्या खोलीत परत नेऊन दिला. आज दुसऱ्या एका घरासाठी उलगडला तर मधोमध तळहाताएवढा डाग. जांभळट लाल. नाक लावलं तर दारूचा वास म्हणे. गावठी नाही, मोहाची नाही. ती द्राक्षांची महागाची असते ना, वाईन, ती.

सदर साहेब, म्हणजे आमच्या जमातीचे प्रमुख, चार माणसं घेऊन दारात आले. तुमच्या शादीत शराब चालली म्हणाले. मी डोक्यावरची ओढणी नीट केली आणि म्हटलं, "सदर साहेब, माह्या घरात खोकल्याचं औषधबी वास पाहून येते. कोनाच्या दारात उभे आहा ते पाहून बोला."

हे बाजूलाच उभे होते. नुसते खाली पाहत राहिले. भांडण यांना कधी झेपलंच नाही. शरमेने मेल्यासारखे झाले असतील बिचारे.

६ डिसेंबर, जुमा

आज मशिदीच्या खोलीत जाऊन डाग पाहून आले. डाग पाहणं माझं कामच आहे. आमचं पिंजाऱ्याचं घर. हे रुई पिंजून गाद्या-रजया भरतात, आणि जुन्या गाद्या दुरुस्तीला आल्या की त्यांच्यावरचे डाग मी काढते. लेकरांचे, आजाऱ्यांचे, बाळंतिणींचे, नव्या नवरानवरीचे. वरोऱ्याच्या गाद्यांनी मला काय काय सांगितलं आहे ते माझं मला माहीत. तोंड कधी उघडलं नाही.

हा डाग सांडल्या सांडल्या कुणीतरी काढायला गेलं आणि सगळं बिघडवून बसलं. आधी मीठ टाकलं, ते बरोबर. मग अंगाला लावायची पावडर, तीही चालली असती. पण त्यानंतर रुईने टिपलं. रुईने गालिचा टिपणारा शहाणा मला एकदा पाहायचा आहे. तंतू सगळे लोकरीत जाऊन बसले, त्यात मीठ, त्यात पावडर, नुसता लगदा झाला आहे. अशा वेळी सुती कपडा घ्यायचा असतो, जुनी लुंगी सगळ्यात चांगली, आणि डागाच्या कडेकडून आत यायचं असतं. जेवताना यांना हे सांगितलं तर यांचा ताटातला हात थांबला. म्हणाले, कपडा घ्यायला पाहिजे होता, नाही का. मी म्हटलं तेच तर सांगते आहे. अर्धं जेवण टाकून उठले. पोटात गडबड आहे म्हणे.

कमिटीचं म्हणणं असं की डाग काढून द्या आणि जमातीसमोर माफी मागा. नाही तर रूहीच्या निकाहाला गालिचा मिळणार नाही, भाताची मोठी देग मिळणार नाही. रूही माझी धाकटी. फेब्रुवारीत तिचा निकाह वडशाच्या घरी ठरला आहे. जमातीने गालिचा दिला नाही म्हणजे जमातीने पाठ फिरवली, हे वडशापर्यंत कुणालाही कळतं. आणि वडसा गडचिरोली जिल्ह्यात, तिकडे अजून दारूबंदी. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातली उठली, तेव्हापासून तिकडचे लोक आपल्याकडे आधी नाक मुरडून बघतात.

डाग काढणं एका दुपारचं काम आहे. थंड पाणी, पांढरा सिरका, मग रिठ्याचा फेस. पण मी बोट लावणार नाही. आज काढला तर उद्या म्हणतील, पाहा, कबूल केलं. कर नाही त्याला डर कशाला.

११ डिसेंबर

अजीम सुटी नसताना घरी आला. हा माझा थोरला, मोहर्लीकडे जंगलातल्या एका रिसॉर्टमध्ये पाहुण्यांना जेवण वाढतो. म्हणतो, अम्मी, मी जाऊन काढून येतो डाग, आमच्याकडे कार्पेटवर रोज कुणी ना कुणी ग्लास उलटवतं, सोडा ओतला की निघतो. मी म्हटलं, तुझा सोडा तुझ्याजवळ ठेव. चेहरा एवढासा झाला पोराचा. बहिणीसाठी किती तळमळतो.

दुपारी दुकानात बाप-लेक हळू आवाजात बोलत होते. मी गेले तर दोघं रजया उलटसुलट करायला लागले. रूहीला कोणती रजई द्यायची ते माझ्या मागे ठरवत असतील. मला आवडलं ते.

१५ डिसेंबर

कोण असेल, कोण असेल, या विचाराने डोकं पिकलं. मांडववाली पोरं पितात, पण त्यांना ही महागाची कुठून परवडणार. जावयाचे नागपूरचे दोस्त त्यांच्या गाडीतून खाली उतरलेच नाहीत फारसे. सदर साहेबांच्या पुतण्यावर माझा पक्का शक होता, पण तो त्या दिवशी तापाने घरी पडला होता. एक क्षण अजीमही मनात येऊन गेला, कशाला खोटं लिहू. पण तो संध्याकाळीच आफ्रीनचं सामान घेऊन तिच्या गाडीमागे नागपूरला गेला होता. अल्ला माफ करो, आईच्या मनात काय काय येतं.

त्या रात्री दुकानात झोपायला फक्त हे आणि नथ्थूभाऊ होते. या दोघांवर शक घ्यायचा तर उद्या सूर्यावरही घ्यावा लागेल. नथ्थूभाऊ टेमुर्ड्याचे कास्तकार. यांची दोस्ती दोघांना मिशा फुटायच्या आधीची. त्यांच्याच शेतातला कापूस आमच्या दुकानात येतो. गळ्यात तुळशीची माळ, कांदा-लसूणसुद्धा नाही, आमच्याकडे आले की स्वतःचा पेला सोबत आणतात आणि चहा तेवढा घेतात. आमच्या बिर्याणीच्या वासात बसून त्यांनी चार चार दिवस मुरमुऱ्यावर काढले आहेत, शादीच्या कामात हात लावता यावा म्हणून. आणि आमचे हे, यांनी तर आयुष्यात सुपारीही खाल्ली नाही.

२० डिसेंबर, जुमा

आज मी एक काम केलं आणि मला त्याचा जरासुद्धा पस्तावा नाही.

नळावर सदर साहेबांची बेगम म्हणाली की जाहिदाबी, चूक झाली असेल घरात, होते, माफी मागून मोकळ्या व्हा, कशाला पोरीच्या नशिबाशी खेळता. गोड आवाजात म्हणाली, म्हणून जास्त झोंबलं. मी तिथूनच ओल्या हाताने सदर साहेबांच्या दारात गेले. नमाजहून परतणारे पाच-दहा लोक उभे होते, तेही ऐकू देत म्हटलं. मी सांगितलं की माझ्या घरातल्या कुणीही दारूला हात लावलेला नाही, आणि याची कसम आफ्रीनचे अब्बा भर जमातीत कुराणावर हात ठेवून खातील. त्यानंतर ज्याची जीभ वळवळेल त्याने माझ्याकडे यावं.

यांच्या शब्दाला वरोऱ्यात वजन आहे. गादीत जुनी रुई भरून नवी म्हणून दिली, असं यांच्याबद्दल कुणी कधी म्हटलं नाही. सदर साहेब म्हणाले, कय्यूमभाईंनी कसम खाल्ली तर गोष्ट खतम, मी स्वतः गालिचा तुमच्या घरी आणून देईन. दहा जानेवारीचा जुमा ठरला.

घरी येऊन यांना सांगितलं तेव्हा हे रजई टाचत होते. लांब सुई बोटात गेली. रक्त आलं. म्हणाले, "जाहिदा, मले इचारलं तरी असतं." मी म्हटलं त्यात विचारायचं काय, खरं तर बोलायचं आहे. बोट चोखत बराच वेळ बसून राहिले. यांना चारचौघांत उभं राहायची भीती वाटते, निकाहातसुद्धा मागे मागे होते.

३ जानेवारी

नथ्थूभाऊ नवी डायरी घेऊन आले. हे कापूस बाजारात गेले होते. नथ्थूभाऊ स्वतःच्या पेल्यात चहा घेऊन उंबऱ्याजवळ बसले आणि बराच वेळ कपाशीचं, बोंडअळीचं बोलत राहिले. मग पेल्यात पाहत म्हणाले, "भाभी, असं करा. माह्यं नाव सांगून द्या. नथ्थूनं सांडली म्हणा. मले तुमच्या जमातीत कोन इचारते."

मला हसूच आलं. म्हटलं, भाऊ, तुमच्या माळेकडे पाहून कुत्रंसुद्धा विश्वास ठेवणार नाही. ते हसले नाहीत. म्हणाले, कय्यूमभाऊला कसम खायला लावू नका, एवढं ऐका माझं. मी म्हटलं का. तर म्हणे त्याची तब्येत बरी नाही. खरंच आहे, हे हल्ली जेवत नाहीत, गालफडं बसली आहेत. पण तब्येतीचा आणि कसमेचा काय संबंध? खरं बोलल्याने कुणाचं पोट बिघडल्याचं मी ऐकलेलं नाही.

दोस्तासाठी माणूस स्वतःवर आळ घ्यायला तयार होतो, याचं मात्र मला कौतुक वाटलं. तिळगुळाच्या वेळी आशाबाईंना, म्हणजे त्यांच्या घरवालीला, हे सांगायचं आहे.

८ जानेवारी

हे आज दोनदा माझ्याजवळ येऊन बसले. दोनदा म्हणाले, जाहिदा, ऐक. दोन्ही वेळा मला वाटलं आता माघार घेणार, म्हणून मीच बोलत सुटले. रूहीचं सांगितलं. पोरगी रात्रंदिवस ओढण्यांना लेस लावते आहे आणि तोंडातून ब्र काढत नाही, तिचं काय होईल ते सांगितलं. तिच्या सासऱ्याने परवा फोनवर सहज विचारलं की तुमच्या जमातीत काही वाद आहे का, ते सांगितलं. यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, बरं.

मला आज पहिल्यांदा भीती वाटली. कशाची ते कळत नाही. यांची शेरवानी धुऊन इस्त्री करून ठेवली.

१० जानेवारी, जुमा

आज लिहिणार नाही.

१२ जानेवारी

लिहिते. न लिहिल्याने झालेलं काही पुसलं जाणार नाही.

मशिदीशेजारच्या मदरशाच्या हॉलमध्ये पुरुष बसले होते, आम्ही बाया शेजारच्या खोलीत पडद्यामागे. पडदा पातळ, सगळं दिसत होतं. मी सगळ्यात पुढे बसले होते, पाठ ताठ करून. नथ्थूभाऊ टेमुर्ड्याहून आले होते आणि दाराबाहेरच्या बाकावर बसले होते. कुराण शरीफ आणलं, चौकीवर ठेवलं. यांना बोलावलं. हे चौकीपर्यंत गेले आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

"कसम नाई खाऊ शकत. मीच पेलो. डाग माह्याच हातचा आहे."

मला आधी ऐकू आलं नाही. म्हणजे आलं, पण कळलं नाही. शेजारची बाई माझ्याकडे पाहत होती म्हणून कळलं. मग मला एकच गोष्ट आठवली, ती रुई. रुईने टिपणारा शहाणा. मी महिनाभर घरात त्याच्या ताटात भाकरी वाढत होते.

सदर साहेब वाईट माणूस नाही हे मला त्या वेळी दिसलं, आणि त्यामुळेच सगळं आणखी बिघडलं असतं. ते उठून यांच्याजवळ आले आणि समजावणीच्या आवाजात म्हणाले, कय्यूमभाई, तुम्ही पाहुण्याला झाकून घेत आहात. त्या रात्री तुमचा दोस्त तुमच्या दुकानात होता, आम्हाला माहीत आहे. त्याने सांडली म्हणा, आमच्या कायद्यात तो येत नाही, गोष्ट इथेच मिटली. सगळ्या हॉलने सुटकेचा श्वास टाकला. कुणीतरी नथ्थूभाऊंना आत बोलावलं. ते दारातच उभे राहून म्हणाले, "हो जी. माह्याच हातानं सांडली."

हे काहीतरी बोलायला गेले, पण नथ्थूभाऊंनी दारातूनच हात वर करून यांना थांबवलं. आणि लोकांना ते हवंच होतं. माझ्या मागे एक बाई अलहम्दुलिल्लाह म्हणाली. मीही, खरं लिहिते, मीही एक क्षण मनात म्हटलं की होऊ दे. रूहीचं घर वाचतं आहे, होऊ दे.

मग मला नथ्थूभाऊंचा गळा दिसला. मोकळा होता. इतक्या वर्षांत मी तो गळा माळेशिवाय पाहिला नव्हता. खोटं बोलायचं होतं म्हणून माणसाने घरून निघताना किंवा बाहेर बाकावर बसून माळ काढून ठेवली होती. उद्या टेमुर्ड्यात ही गोष्ट पोहोचली असती की माळकरी नथ्थूने मुसलमानाच्या शादीत दारू सांडली. त्यांना भजनात कुणी बसू दिलं नसतं.

मी पडदा बाजूला केला आणि हॉलमध्ये गेले. कुणीतरी अरे अरे केलं. मी विचारलं, "नथ्थूभाऊ, माळ कुठी आहे?" त्यांचा हात आपोआप सदऱ्याच्या खिशाकडे गेला. मी म्हटलं आधी ती गळ्यात घाला.

मग सदर साहेबांकडे वळले. म्हटलं, "डाग आमच्या घरचा आहे. महिनाभर मी छाती ठोकून सांगत होती का आमचा नाई. चुकली मी. आता तेवढ्याच आवाजात सांगते, आमचा आहे. माफी हे मागतील. गालिचा मी धुईन, पण घरी लपवून नाई. इथीच धुईन, मशिदीच्या नळावर, साऱ्यायच्या डोळ्यापुढं. आन् पाहुण्याच्या गळ्यात कोनी आमचं पाप बांधू नका."

यांनी माफी मागितली. मी घरी निघून आले.

संध्याकाळी विचारलं, का. एवढंच विचारलं. हे म्हणाले, आफ्रीन गेल्यावर घरात आलो तर दारात तिची चप्पल नव्हती, मला कसंतरी झालं. मी म्हटलं माझी होती की. हे पुढे सांगत गेले. म्हणे दुकानात बाटली होती, सरबतासारखी दिसली, दोन घोट घेतले, तिसऱ्याला बाटली कलंडली. नथ्थूभाऊ झोपेतून उठून मीठ आणायला धावले. बाटली आली कुठून, तर म्हणाले मिळते आता कुठेही. अजीम तिथेच उभा होता, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. बापाची शरम वाटत असेल पोराला. मी त्याला जवळ घेतलं.

यांच्याशी बोलणं मात्र बंद आहे.

१६ जानेवारी

गालिचा धुतला. तमाशा पाहायला अर्धा मोहल्ला आला होता. येऊ दे म्हटलं, त्यासाठीच तर इथे धुते आहे.

आधी ब्रशने मीठ आणि पावडर काढली. रुईचे तंतू चिमट्याने एकेक उपटले, त्यातच सकाळ गेली. मग थंड पाणी मारलं. गालिचा पूर्ण ओला केला की एक गोष्ट होते, ती धुणाऱ्यालाच माहीत असते. जुने, विसरलेले सगळे डाग वर येतात. तुपाचं वर्तुळ आलं. कात-चुन्याची पिचकारी आली. एका कोपऱ्यात मेंदीच्या हाताचा अख्खा पंजा उमटला. बाया वाकून वाकून पाहायला लागल्या आणि मग एकेक जण जराशी मागे सरकायला लागली. कुणाच्या निकाहातलं तूप, कुणाच्या दादाच्या मयतीनंतर तीजाला सांडलेला चहा, हे त्यांचं त्यांना समजत होतं. मी कुणाचंही नाव घेतलं नाही. सिरका ओतला आणि रिठ्याचा फेस केला.

थोड्या वेळाने सदर साहेबांची बेगम बाह्या सरसावून माझ्यासमोर बसली आणि लुंगीचा तुकडा घेऊन टिपायला लागली. डागाच्या कडेकडून आत, बरोबर. कात-चुन्याचा डाग तिच्याकडच्या शादीतला होता, तोही निघाला.

हे दुपारभर नळावरून बादल्या भरून आणत होते. लोक पाहत होते तरी आणत होते.

वाईनचा डाग गेला. ऊन तिरपं पडलं की हलकीशी सावली दिसते, पण ती शोधणाऱ्यालाच.

२३ जानेवारी

हे परवा एकटेच एसटीने वडशाला गेले. मला आदल्या दिवशी सांगितलं की रूहीच्या सासऱ्याला दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी मी सांगून येतो. मी म्हटलं नका जाऊ. पहिल्यांदाच मी नका म्हटलं आणि हे गेले.

आले तेव्हा काय म्हणाले विचारलं, तर म्हणे काहीच म्हणाले नाहीत, पाणी दिलं, चहा दिला, बसस्टँडवर सोडलं. त्या दिवसापासून फोन वाजला की घरातले सगळे एकमेकांकडे पाहतात. रूहीने ओढण्या गुंडाळून पेटीत ठेवून दिल्या. मी विचारलं, माझा राग येतो का. म्हणाली, अम्मी, त्या हॉलमध्ये तू गप्प बसली असती तर आला असता.

मी त्या दिवसापासून यांच्याशी बोलायला लागले. फार नाही, मिठाबिठापुरतं.

२८ जानेवारी

वडशाहून फोन आला. रूहीच्या सासऱ्याने यांना विचारलं, वरातीत पन्नास माणसं आणली तर चालतील का, जेवणाचं जड नाही ना होणार. बस, एवढंच. दुसरं काही नाही. हे फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी तिथेच बसून रडले, लपवलं नाही.

संध्याकाळी सदर साहेब आले. माफी झाली, गालिचा साफ झाला, निकाहाला घेऊन जा म्हणाले. चांगल्या मनाने आले होते. मी चहा दिला आणि म्हटलं, नको. ते म्हणाले जाहिदाबी, आता कशाचा राग. मी म्हटलं राग नाही. पण गालिचा देऊ आणि गालिचा नाही देऊ, यावर माझ्या पोरीची इज्जत तोलली जात होती ना, ती आता त्या तागडीतून उतरली आहे. पुन्हा चढवायची नाही. देग मात्र द्या, पन्नास माणसांचा भात माझ्या भांड्यांत मावणार नाही.

सदर साहेब हसले. देग उद्या पाठवतो म्हणाले.

मग निकाहाला बसायचं कशावर? रूही म्हणाली, अब्बूंच्या गादीवर.

९ फेब्रुवारी

पहाटेपासून पाय मोडले आहेत, तरी दोन ओळी लिहिते.

नथ्थूभाऊंनी यंदाच्या वेचणीचा सगळ्यात पांढरा कापूस आणला होता. यांनी आठवडाभर दुकान बंद ठेवून लांबरुंद गादी भरली. आशाबाईंनी सुईत दोरा ओवून देण्याचं काम घेतलं होतं आणि बसल्या बसल्या माझ्या तिखट जिभेची टिंगल केली. खोळ पांढरी शुभ्र. बायांनी सांगितलं वर रंगीत चादर घाला, एवढ्या माणसांत काही ना काही सांडेलच. मी म्हटलं पांढरीच राहील.

काझीसाहेब आणि नवरदेव त्या गादीवर बसले. यांना आज मी मागे उभं राहू दिलं नाही, नवरदेवाच्या शेजारी बसवलं. नथ्थूभाऊ गादीच्या कडेला, माळ सदऱ्याच्या वर काढून. कबूल है ऐकू आलं तेव्हा रूहीने माझा हात एवढा दाबला की बांगडी पिचली.

पोरगी दुपारी गेली.

१० फेब्रुवारी

सकाळी झाडून काढताना दारापाशी थांबले. रूहीची निळी चप्पल नव्हती. आफ्रीनची नव्हतीच. माझी होती, यांची होती, आणि तरीही उंबरा कसा मोकळा मोकळा. झाडू हातात धरून मी किती वेळ उभी होते अल्ला जाणे.

दुपारी चहा करून दुकानात गेले. हे त्या पांढऱ्या गादीवर बसले होते, पिंजायला काही घेतलं नव्हतं. मी शेजारी बसले. म्हटलं, चप्पल नाही दारात. यांनी मान हलवली. या दोन महिन्यांत मी यांना काय काय बोलले ते सगळं मला आठवत होतं, आणि यांनाही आठवत असणार.

कप उचलताना माझ्याच हातून कलंडला. अर्धा चहा खोळीवर. पांढऱ्या कापडावर भराभर पसरत गेला.

हे उठले. सवयीने हात आधी रुईच्या ढिगाकडे गेला, मग थांबला, आणि खुंटीवरची जुनी लुंगी ओढून घेऊन आले. खाली बसून कडेकडून टिपायला लागले, अगदी मी सांगितलं होतं तसं.

मी त्यांचा हात धरला.

"राहू द्या," म्हटलं. "दिसू द्या."